चिलखत आखडलंय, तुम्ही नाही

शिवजयंती तोंडावर आली, मंडळाची पत्र्याची ट्रंक माळ्यावरून खाली उतरली आणि तुम्ही तुमचं सरदाराचं फोमचं चिलखत अंगात घालून पाहिलंत. पाठीवरचे पट्टे बक्कलपर्यंत पोचेनात. पोरांनी दोन्हीकडून ओढलं, तुम्ही श्वास रोखून धरलात, आणि एक पट्टा मुळासकट उपटून पोराच्या हातात आला. आता हेच दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं, या पेचात तुम्ही आहात.

सगळ्यात आधी मन घट्ट करा. तुमचं पोट सुटलेलं नाही. चिलखत आखडलं आहे. फोम कधी आखडतो का, असं विचारणारा एखादा शहाणा मंडळात निघेलच. त्याच्या नावावर वर्गणीची मोठी पावती फाडा.

दुसरं, टेप हातात घेऊ नका. मोजलंत तर काखेखाली दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कमी पडतायत एवढंच निघेल. आणि चार बोटांवर उपाय फार सोपा आहे. बाजूचा सांधा उसवायचा, त्याच जाडीच्या फोमची पट्टी मध्ये बसवायची, पट्टे लांब करायचे. एका संध्याकाळचं काम. रंग उडालेला असतो तो खांद्यावर, काखेत आणि कमरेवर, म्हणजे जिथे अंग वाकतं तिथे. बाकीची छाती ठणठणीत असते. पण एवढ्या स्वस्तात प्रश्न सुटला तर मंडळाची बैठक कशासाठी बोलवायची?

तरीही कुणी दुरुस्तीचा हट्ट धरलाच, तर विरोध करू नका. दुरुस्तीची जबाबदारी स्वतःकडे घ्या. फोमला लावायचा गोंद दोन्ही बाजूंना लावून, हाताला जेमतेम चिकटेल इतका वाळू द्यायचा आणि मगच सांधा दाबायचा, असं जाणकार सांगतात. तुम्ही ओला असतानाच दाबा. मिरवणुकीत पहिल्याच लेझमीला उघडेल. हीट गनची गरम हवा एकसारखी फिरवली की फोमची छिद्रं बंद होतात, वरवरचे पोचेही बरेच भरून येतात. तुम्ही ती एकाच जागी धरून ठेवा आणि चहा मागवा. छिद्रं बंद झाल्यावर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात द्यायचे असतात, म्हणजे वरचा रंग अंगाबरोबर वाकतो, तडकत नाही. तुम्ही थेट चंदेरी स्प्रे मारा. खांद्यावरची फुलं जुन्या थर्मोकोलची असतील तर फारच उत्तम, कारण स्प्रेने थर्मोकोल विरघळतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विरघळू द्या आणि म्हणा, "बघा, मी म्हणत नव्हतो?"

ट्रंकेच्या तळाशी आणखी एक वस्तू असेल, तिच्यापासून जपा. सुतळीचं जाड विणकाम करून त्यावर चंदेरी ऑइलपेंट फासलेलं जुनं चिलखत. मंडळाच्या पहिल्या नाटकासाठी कुणा काकूंनी विणलेलं. दिव्याखाली दहा हातांवरून ते हुबेहूब लोखंडी कड्यांचं दिसतं, चालताना अंगावर लवतं आणि पोटाबरोबर मुकाट ताणतं. मला विचाराल तर ट्रंकेतली एवढी एकच वस्तू रंगमंचाची आहे, बाकी सगळी फोटोची. म्हणूनच ते तलवारींच्या मुठींखाली दाबून ठेवा आणि झाकणावर कुणाला तरी बसवा.

आता नव्याकडे वळू. मोबाइलवर शोधायला बसलात की पहिल्यांदा रोमन सैनिकाचं निघेल, मग युरोपातल्या सरदाराचं, गुडघ्यापर्यंत पत्रा असलेलं. घाबरू नका, वर भगवा शेला घेतला की कोण बघतंय! आपल्याकडे छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चार पत्रे बांधायची 'चारआईना' नावाची चीज होती, कड्यांचं बख्तर होतं, रुईभरली जाड बंडी होती. पण यांतलं काही 'फ्री साइज' लिहून विकायला येत नाही, तेव्हा त्याचा इतिहासाशी संबंध नसावा.

खऱ्या लोखंडी कड्यांचं घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. एका कडीत चार कड्या अडकवत विणलेलं ते जाळं दहा किलोच्या आसपास भरतं. एवढं सगळं वजन खांद्यांवर येतं, म्हणून कमरेला पट्टा आवळून त्यातलं थोडं खाली घेतात. तुम्ही पट्टा आवळू नका, पोट दिसेल. तारखेची जयंती 19 फेब्रुवारीला, उन्हं तरी जरा बेताची असतात. तुमचं मंडळ तिथीवालं असेल तर फाल्गुन वद्य तृतीया, दुपारी चारला चौकातून निघायचं आणि डीजे पुढे सरकेपर्यंत डांबरावर उभं राहायचं. चक्कर आलीच तर घोड्यावरून मागच्या बाजूला पडा. पुढे फोटोग्राफर असतो. वर्षभर ते ट्रंकेत ठेवताना तेलाचा हात मुळीच देऊ नका. गंजलं की पुढच्या वर्षी पुन्हा नवं घेता येतं.

मंडळात एखादा इतिहासाचा मास्तर असतोच. तो म्हणेल, मराठी माणसाला ठाऊक असलेलं सगळ्यात प्रसिद्ध चिलखत 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी कुणाला दिसलंच नव्हतं. महाराजांनी ते अंगरख्याच्या आत घातलं होतं. खानाची कट्यार त्यावर खरकन घसरली तेव्हाच त्याला ते कळलं. म्हणजे अफझलखान वधाच्या देखाव्यात वरून झकास अंगरखा हवा, आत बनियन असला तरी चालेल. मास्तरांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे आणि नेमकं म्हणूनच धोक्याचं आहे. न दिसणाऱ्या चिलखताला कोण देणगी देणार? त्यांना तातडीने सत्काराच्या यादीत घाला, शाल-श्रीफळ मिळालं की इतिहासाचा विषय आपोआप मागे पडतो.

देणगीवरून आठवलं. जुन्याला पट्टी बसवली तर फ्लेक्सवर काय छापणार? 'कुशीचा सांधा, सौजन्य अमुक अण्णा'? ते बरं दिसत नाही. नव्या चिलखताचं अनावरण करता येतं, त्याला हार घालता येतो, नगरसेवक होऊ घातलेल्या दादांना त्याच्या शेजारी उभं करता येतं. शिवाय दुरुस्ती करतो तो मागच्या आळीतला एक अबोल पोरगा, आणि चिलखत चांगलं झालं की लोक त्याचं नाव विचारतात. असली सवय मंडळाला परवडणारी नाही.

तर नवं मागवा, आणि मागवताना परत घेण्याची मुदत किती आहे ते तेवढं नीट वाचा. सात दिवसांची असेल तर मिरवणुकीच्या दोन दिवस आधी हातात येईल अशा बेताने ऑर्डर टाका. लेबल कापू नका, मानेमागे आत दुमडून घ्या. दुसऱ्या दिवशी परतीच्या कारणांत 'साइज लहान निघाला' हे निवडा. तेवढं तरी खरं असेल. फोमच्या खाचांमध्ये बसलेला गुलाल धुतल्याने जात नाही, ब्रशने घासलात तर चंदेरी रंगासकट निघतो. पिकअपला आलेल्या मुलाने बोट लावून विचारलंच, तर माल असाच आला होता म्हणून सांगा.