पाट आणि पंधरा मिलिमीटर

गाडी दोन इंच उचलायच्या आधी मी भाच्याला विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं, तीन-चार रात्री जागून मोबाइललाही विचारलं. आईच्या गुडघ्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

आमची थार जीप नवी होती तेव्हा आई दाराजवळचा दांडा धरून "गजानना" म्हणत एका दमात चढायची. गाडी उंच करणारं लिफ्ट किट बसल्यावर पहिल्याच मंगळवारी नागपूरच्या टेकडी गणपतीला जायचं ठरलं. आईनं उजवा पाय उचलला. तो जरा वेळ हवेत राहिला आणि मुकाट जमिनीवर परत आला. ती काही न बोलता घरात गेली आणि पाट घेऊन आली. सागाचा, आजोबांच्या वेळचा, चार कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेला. पाट खाली मांडला, त्यावर चढली, तिथून गाडीत बसली आणि मला म्हणाली, "आता हा उचलून आत दे." तेव्हापासून आमच्या गाडीत जॅक, पाना, ओढायचा पट्टा आणि पाट असा संच असतो.

लिफ्टवर थांबलो असतो तर बरं होतं. पण गाडी वर गेली आणि टायर तेच राहिले. मडगार्डच्या खाली एवढी पोकळी दिसायला लागली की शेजाऱ्यांच्या मांजरीनं तिथं दुपारचं झोपणं सुरू केलं. भाच्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "मामा, उंच पोराले आखूड पायजमा घातल्यावानी दिसून राहिली ना गाडी."

वर त्यानं शास्त्रही सांगितलं, आणि वाईट हे की ते खरं निघालं. लिफ्टनं उचललं जातं ते गाडीचं अंग. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, आणि त्याच्या मधोमध असलेला, चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियलचा गोळा चाकांनाच जोडलेला, तो जिथल्या तिथंच. शेतातल्या दगडावर पहिला आपटतो तो हाच गोळा. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा हवा. तोही व्यासानं जितका वाढेल त्याच्या निम्माच गोळा वर जाणार, कारण उरलेला निम्मा वाढतो चाकाच्या वरच्या बाजूला, जिथं दगड नसतात. म्हणजे दोन इंचांचे पैसे मोजून मी फक्त आईला त्रास दिला होता. दगडांना नाही.

चाकांचं हे वेड माझ्यात जुनं आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, माझ्या नंदीची चाकं शेजारच्या पोराच्या नंदीपेक्षा लहान, म्हणून मी रडून रडून सुताराकडून मोठी चाकं लावून घेतली होती. सुताराकडे मोठी दोनच निघाली, ती त्यानं पुढं लावली. त्या वर्षी सगळ्यांचे बैल समोर बघत होते, माझा आभाळाकडे. बक्षीस मिळालं नाही. बोजारा, म्हणजे घरोघरी पोरांच्या हातावर ठेवतात ती ओवाळणी, मात्र जास्त मिळाला, बहुधा बायांना बैलाची दया आली.

तर टायर. कंपनीतून आलेल्या टायरवर लिहिलं होतं 245/75 आर 16. यातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्क्यात, म्हणजे रुंदीच्या मानानं टायरची भिंत किती उंच ते. तिसरा रिमचा, इंचात. एकाच वस्तूवर मिलिमीटर, टक्का आणि इंच! ज्यानं कोणी हे ठरवलं त्याच्या घरात कधी एकमत झालं नसावं. मी बायकोच्या वाणसामानाच्या वहीत गणित मांडलं. व्यास निघाला 774 मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंचांना किंचित कमी. पण भाच्याच्या मित्रमंडळात साडेतीस हा आकडाच नाही. तिथं सगळे "तेहतीस"वर. कोणाची गाडी कुठं जाते हे कोणी विचारत नाही, तेहतीस बसले का एवढंच विचारतात. हे तेहतीस म्हणजे 285/75 आर 16. वहीत मांडल्यावर तेही भरले 32.8. रोज फुटाळा तलावावर जो आकडा ऐकत होतो तो दुधासारखा होता, थोडं पाणी धरून.

मे महिन्यातल्या एका दुपारी, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, आम्ही वाडीकडे निघालो. अमरावती रोडला ट्रकांच्या रांगा लागल्या की टायरची दुकानं आलीच समजा. आईला मधेच एका नातेवाइकाकडे सोडायचं होतं, पण बोलण्याच्या नादात ते घर मागं राहिलं आणि आई टायरच्या दुकानात आली. दुकानदारानं खुर्ची दिली. ती उन्हानं तापलेली होती, म्हणून आईनं पाट मागवला आणि कूलरपुढं टायरच्या दोन चळतींच्या मधे मांडून बसली. पुढचा दीड तास तिथं जे घडलं ते तिनं सत्यनारायणाच्या पोथीसारखं लक्ष देऊन ऐकलं.

दुकानदाराचा आवडता शब्द "प्लाय". पोरगा तळहातानं थापा मारत एक टायर घरंगळत घेऊन आला, तसे हे म्हणाले, "टेन प्लाय आहे भाऊ. ट्रकसारखा. दगडाचा बाप."

"दहा थर आहेत म्हणता?" आईनं विचारलं.

"दहा, आई."

वहीमुळे मी शहाणा झालेलो. जुन्या सुती धाग्यांच्या टायरमध्ये खरंच थर मोजत असत. आता धागे इतके मजबूत झालेत की थर थोडेच असतात आणि "दहा" हा नुसता ताकदीचा हुद्दा उरलाय, निवृत्त माणसाला लोक "साहेब" म्हणत राहतात तसा. हे मी दुकानात बोललो नाही, गाडीत बसल्यावर आईला सांगितलं. "म्हणजे दहा नाहीतच?" ती म्हणाली. "मग दहा म्हणून पैसे घेते ना तो?"

शेवटी एक तेहतीस नुसता लावून बघायचं ठरलं. पुढच्या चाकाला बसवला. दिसत होता असा की भाच्यानं लगेच फोटो काढला. मी स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळूच मागं घेतली आणि आतल्या प्लॅस्टिकवर टायर घासला, खर्रर्र. दुकानदाराला त्यात काही विशेष वाटलं नाही. "इथून जरासं कापून टाकू."

"काय कापता?" पाटावरून प्रश्न.

"मडगार्डच्या आतलं, आई. थोडंसंच."

"मग चाकच लहान घ्या की."

दीड तासात कोणालाच हे सुचलं नव्हतं.

मग आला 265/75 आर 16, व्यास 804. जुन्यापेक्षा 30 मिलिमीटर मोठा, म्हणजे गोळा वर जाणार पंधरा. माझ्या करंगळीच्या जाडीपेक्षा थोडा जास्त. एका टायरचे साडेअठरा हजार, आणि चार घेऊन भागत नाही. फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते अशा गाडीत, पाचवा वेगळ्या मापाचा चालत नाही. स्टेपनी लहान असेल तर एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं आणि गिअरांवर ताण येतो. पाच टायर, पंधरा मिलिमीटर. मिलिमीटरला काय भाव पडला ते मी वहीत मांडलं नाही, कारण वही बायकोची.

मोठ्या टायरनं काटाही खोटं बोलायला लागतो. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि गाडीला त्याची खबर नसते. आता काट्यावर 80 दिसले की खरे 83 असतात. तेहतीस घेतले असते तर 86 झाले असते आणि ऐंशीच्या मर्यादेच्या रस्त्यावर दंडाची पावती आल्यावर मी काट्याचा फोटो दाखवत बसलो असतो. वर किलोमीटरही कमी नोंदतात. म्हणजे गाडी कमी चालली असं दिसतं आणि डिझेल तर पूर्ण जळतं.

फ्रेश माल आहे, असं दुकानदार तीनदा म्हणाले, म्हणून मी खाली बसून टायरच्या भिंतीवरचा लंबगोल शोधला. त्यातले चार आकडे म्हणजे जन्मदाखला. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. एकावर निघालं 2319. म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. तेव्हापासून त्यानं नागपूरचे किती उन्हाळे पत्र्याखाली काढले असतील कोण जाणे. मी बोट ठेवलं. दुकानदार वाकून म्हणाले, "वापरलेला थोडी आहे भाऊ." पण पाचही टायर बदलून दिले, आणि त्यानंतर मला "भाऊ"ऐवजी "सर" म्हणायला लागले. सूट तिथंच बंद झाली.

रिमचं प्रकरण लवकर आटपलं. भाच्याला हवं होतं अलॉय, तेही मायनस ऑफसेटचं, म्हणजे चाक मडगार्डच्या बाहेर डोकावणारं. दिसतं पहिलवानासारखं. पण बेअरिंगवर भार वाढतो, स्टिअरिंग जड होतं आणि रस्त्यावरचा सगळा चिखल दारावर, काचेवर आणि काच उघडी असेल तर आईवर. शिवाय आमच्याकडे एक वकील मेहुणे आहेत. त्यांनी जेवताना मोटार वाहन कायदा, 1988 यातलं कलम 52 ऐकवलं. कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागं पाच हजार दंड, नाहीतर तुरुंग, किंवा दोन्ही. दर बदलामागं, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि लिफ्ट किटच्या दिशेनं बघितलं. मी वरण मागून घेतलं. रिम जुन्याच लोखंडी ठेवल्या, काळा रंग मारून. लोखंडी रिम वाकली तर खेड्यातला वेल्डिंगवाला हातोड्यानं सरळ करतो, अलॉय तडकली की तिथंच संपली. दहा प्लायही नाकारला. साध्या टायरवर भाराचा आकडा होता 116, म्हणजे एकेक टायर 1250 किलो पेलणारा. गाडीसकट, माणसांसकट, पाटासकट आम्ही त्याच्या निम्म्याच्या आसपास.

नक्षीही मधलीच घेतली, ए.टी., म्हणजे डांबरावर आणि मातीत दोन्हीकडं चालणारी. भाच्याच्या मित्राच्या गाडीला एम.टी. आहेत, चिखलाचे. त्यात बसून मी सिमेंट रोडनं लॉ कॉलेज चौकातून फुटाळ्यापर्यंत गेलो होतो. वाटभर पिठाच्या चक्कीत बसल्यासारखं वाटलं. तो मित्र मला काहीतरी सांगत होता. अजून मला माहीत नाही काय.

जुलैत काटोलकडं आमच्या शेतावर गेलो. चार एकर, थोडा संत्रा, बाकी कपाशी आणि तूर. रस्त्यापासून शेतापर्यंत पांदण, आणि रात्रभर पाऊस पडून गेलेला. मी मुद्दाम फोर लो टाकला, म्हणजे चारही चाकांना हळू पण जोर देणारा गिअर. पन्नास पावलं गेलो. मग गाडी आहे तिथं राहिली आणि चाकं तेवढी फिरत राहिली.

उतरून बघितलं तर टायरवर नक्षीच नव्हती. काळ्या मातीनं सगळ्या खाचा भरून लिंपून टाकल्या होत्या. साडेअठरा हजारांचा टायर सारवलेल्या चुलीसारखा गुळगुळीत. मी किल्लीचं टोक लावून बत्तीस पौंडांची हवा अठरावर आणली, टायर पसरले, दोन फूट पुढं गेलो आणि परत तेच. तेवढ्यात बांधावरून काकाजी आले. त्यांनी वाकून मागच्या चाकांमधून हात घातला.

"गोया मोकया हाये," ते म्हणाले.

पंधरा मिलिमीटर! मी भाच्याकडं बघितलं, भाच्यानं माझ्याकडं. त्या क्षणी चिखलात उभं राहूनही मला बरं वाटलं.

"पण चाक काहून फिरून राह्यलं नुसतं? कायी माती हाये बाप्पा, इले टायर नाही समजत." ते पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा भारा घेऊन आले, पुढच्या चाकांखाली दाबला. मागच्यासाठी काही उरलं नाही. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि गाडीत हात घालून पाट काढला.

आई गाडीतच होती. पाट गेल्यामुळे तिला उतरताही येईना. "देवापुढचा आहे तो," एवढंच म्हणाली.

काकाजींनी पाट मागच्या चाकाखाली तिरपा ठोकला. मी क्लच सोडला. काहीतरी कडाडलं, गाडी हलली, पाटावर चढली, पाट मागं उडाला आणि आम्ही कडेच्या मुरमावर आलो.

काकाजींनी पाट विहिरीवर धुवून आणला. एक पितळी फूल गेलं होतं, मधोमध टायरची नक्षी उमटली होती, टायरवर दिसत नव्हती ती इथं स्पष्ट. बाकी तडा नाही. आईनं खिडकीतून हात बाहेर काढून तो घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि मला म्हणाली, "तुझ्या त्या दुकानदाराले विचार, हा किती प्लायचा भरते."