भर समुद्रावरची हवा "स्वच्छ" म्हणजे नक्की काय?

काल कट्ट्यावर मंदारने ठोकून दिलं की किनाऱ्यापासून हजारभर किलोमीटर आत गेलं की हवेत काही घडतच नाही, ना गाड्या ना कारखाने, मग केमिस्ट्री कशाची होणार? मला राहवेना. म्हटलं अरे समुद्राचा म्हणून जो वास येतो ना, त्यात डायमिथाइल सल्फाइडचा मोठा हात असतो, प्लवकांमुळे (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) पाण्यात तयार होणारा गॅस, तो वर हवेत येतो, त्यातून सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि त्याचे जे बारीक कण बनतात त्यांच्यावर ढगातले थेंब धरतात.

स्नेहा लगेच मधे पडली, "ती 1987 ची लव्हलॉक वगैरे चौघा शास्त्रज्ञांची थिअरी ना? पाणी तापलं की प्लवक वाढणार, ढग वाढणार, परत थंड होणार. ती 2011 मध्ये क्विन आणि बेट्स या संशोधकांनी मोडीत काढलीय."

बरोबर आहे तिचं, ढगांना लागणारे कण मिठाच्या तुषारांतूनही येतात, सगळा भार एका गॅसवर टाकता येत नाही. पण थिअरी पडली म्हणून गॅस यायचा थांबला का?

आणि खरी गंमत आयोडीनची. मंदार म्हणे ओझोन तर पार वर असतो, अरे पाण्यालगत पण असतो, तो पृष्ठभागावरच्या आयोडाइडशी (समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं आयोडीन) भिडला की आयोडीन हवेत सुटतं, ऊन पडलं की रेणू फुटतो, सुटा अणू अजून ओझोन खातो, परत सुटा होतो, परत खातो. केप व्हर्देला (आफ्रिकेजवळची अटलांटिकमधली बेटं) मोजलं तेव्हा (2008 चा पेपर आहे) ओझोनचा नाश कॉम्प्युटर मॉडेलच्या अंदाजापेक्षा 50 टक्के जास्त निघाला, मॉडेलमध्ये ब्रोमीन आणि आयोडीन धरलंच नव्हतं ना! आणि खालचा ओझोन आपण धुराने वाढवला तशी आयोडीनही वाढली, ग्रीनलंडच्या बर्फात 1950 पासून ती तिप्पट झालेली दिसते. म्हणजे आपला धूर तिथवर पोचतो आणि समुद्र त्याला उत्तर देतो.

"मग चांगलंच की, समुद्र आपला ओझोन साफ करतोय," मंदार.

"एवढं सोपं नाही," स्नेहा म्हणाली, "ओझोन, ऊन आणि वाफ यातून हायड्रॉक्सिल नावाचा चटकन रिअ‍ॅक्ट होणारा कण बनतो, आणि मिथेनला, म्हणजे हवा तापवणाऱ्या गॅसला, मुख्यतः तोच संपवतो. ओझोन घटला की हायड्रॉक्सिल घटतो, मिथेन जास्त दिवस टिकतो."

यावर मंदार गप्प बसला नाही, म्हणाला मग हवामानाच्या मॉडेलमध्ये हे सगळं घालतात की नाही? बऱ्याच मॉडेलमध्ये अजूनही नाही, आणि माझा राग नेमका तिथेच आहे.