टीमक्स आहे ना, मग रिस्टार्टचं कसलं टेन्शन? आहे टेन्शन!

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, पावसाळ्यात लाइट जायला लागली की हमखास परत येतो. म्हणे टीमक्स (टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एकाच वेळी अनेक कामं चालू ठेवणारा प्रोग्राम) टाका, मशीन बंद पडलं तरी सगळं होतं तसं मिळतं, प्लगइन टाकलं की चालू प्रोग्रामही पुढे चालतात, आणि सेव्ह आपोआप.

पहिलंच चूक. टीमक्सचा सर्व्हर म्हणजे मेमरीत चालणारी एक साधी प्रोसेस, नेट तुटलं, एसएसएच (लांबच्या मशीनशी असलेलं कनेक्शन) गेलं तरी ती जिवंत राहते, पण ती ज्या मशीनवर चालतेय तेच रिस्टार्ट झालं की संपली, सेशनसकट, म्हणजे उघडलेल्या सगळ्या कामांसकट. म्हणजे विजयनगरात लाइट गेली आणि टीमक्स लांब कुठल्या डेटा सेंटरात असेल तर पुन्हा अटॅच करा, म्हणजे त्याला जोडून घ्या, सगळं समोर. टेबलाखालच्या डब्यात असेल तर राम राम.

आता प्लगइन, खरा घोळ इथेच आहे. टीमक्स-रिझरेक्ट नावाचं हे प्लगइन सेव्ह करताना एक टेक्स्ट फाइल लिहितं, कोणत्या सेशनमध्ये किती विंडो, पेन (विंडोचे भाग) कसे वाटलेत, कुठला पेन कोणत्या फोल्डरात, तिथे काय चाललं होतं. रिस्टोअर म्हणजे ती कमांड नव्याने सुरू, बस. तीही सगळी नाही, व्हिम, लेस, टेल, टॉप अशी मोजकी यादी आधीपासून असते, बाकीचं तुम्ही कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहायचं. रात्रभर चाललेलं एआय मॉडेलचं ट्रेनिंग यादीत टाकलंत तरी शून्यापासूनच, आणि एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल (टर्मिनलमध्ये तात्पुरत्या दिलेल्या किमती) गेले ते गेलेच. डेटाबेस मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी कमांड) मात्र चुकूनही त्या यादीत टाकू नका, रिस्टोअर होताच पुन्हा धावेल! झेलिज, टीमक्ससारखाच दुसरा प्रोग्राम, यात शहाणा, कमांड दाखवतो आणि एंटर दाबेपर्यंत थांबतो.

आपोआप सेव्हचं म्हणाल तर रिझरेक्ट स्वतःहून काहीच करत नाही, प्रीफिक्स (टीमक्सच्या कमांडआधी दाबायची की) आणि कंट्रोल-एस तुम्ही दाबायचं. दर 15 मिनिटांनी सेव्ह करतं ते कंटिन्युअम, वेगळं प्लगइन, आणि ते चालतं स्टेटस लाइनच्या (टीमक्सच्या माहितीच्या पट्टीच्या) उजव्या भागाच्या जिवावर, त्यामुळे एखाद्या थीमने तो भाग बदलला की सेव्ह गुपचूप बंद, एरर नाही काही नाही. रिझरेक्टच्या फोल्डरात 'लास्ट' नावाची लिंक असते, ती कधीच्या फाइलकडे बोट दाखवतेय ते अधूनमधून बघत जा. आपोआप रिस्टोअरही मुळात ऑफ असतं, ते ऑन करावं लागतं.

खरंच जसंच्या तसं हवं असेल तर हायबरनेट करा, ते मेमरी डिस्कवर उतरवतं, फक्त त्यासाठी लाइट गेल्यावर यूपीएसने तेवढा वेळ द्यायला हवा. आणि लांबलचक जॉब असेल तर प्रोग्रामलाच मधूनमधून चेकपॉइंट (तिथपर्यंतच्या कामाची नोंद) लिहायला लावा, हे काम टीमक्सचं नाहीच.