आजवा आधीच थोडे रिकामे ठेवा

शहराच्या वरच्या बाजूच्या आजवा तलावाचे पाणी विश्वामित्री नदीत सोडले म्हणून वडोदरा शहर बुडाले, हे तुमच्या पुरावरच्या लेखातले म्हणणे मला अर्धेच पटते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांवर गेली, तेव्हा समा भागातल्या आत्याचे देव आम्ही जिन्याच्या सहाव्या पायरीवर ठेवले होते. चिखलाचा तो वास अजून जात नाही. पण शहरातला पाऊस आणि शहराच्या वरच्या बाजूला विश्वामित्रीला येऊन मिळणारी सूर्या नदी यांना दरवाजे नाहीत, आजवाला आहेत. म्हणून मोठ्या पावसाआधी तलावात जागा करायची, सूर्या फुगली की पाणी अडवायचे, ती ओसरली की हळूहळू सोडायचे. तलाव काठोकाठ भरल्यावर मात्र हातात काहीच उरत नाही, आलेले पाणी तसेच पुढे जाते. आणि सोडण्याआधी काठच्या लोकांना दिवसाउजेडी कळवा हो, मध्यरात्री नको!