प्रतिक्रियेला उत्तर: फोल्डर लपवले ते कुणाच्या सोयीसाठी?

नमस्कार. फोन आणि लॅपटॉपमधले फोल्डर कंपन्यांनी लपवले ते आपल्या सोयीपेक्षा स्वतःच्या धंद्यासाठी, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. 'आईला फोटो हवा असतो, फाइल नव्हे. फोल्डर दिसेनासे झाले म्हणून तर ती बिनधास्त फोन वापरायला लागली. यात कंपन्यांचा धंदा शोधणं हा संगणकवाल्यांचा हट्ट आहे,' असं तुम्ही म्हणता.

आईबद्दलचं मला पूर्ण मान्य. तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा मीच सांगतो. पूर्वी अँड्रॉइडवर साध्या टॉर्चच्या ॲपला स्टोरेजची परवानगी दिली, की त्याला फोनमधले सगळे फोटो, सगळ्या पीडीएफ वाचता यायच्या. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून त्याला बराच चाप बसला. ते उत्तमच झालं. पण तिथे फाइल परक्या ॲपपासून लपवली होती. माझं भांडण ती मालकापासून लपवण्याशी आहे.

आयफोन आला २००७ साली. त्यात फाइल आणि फोल्डर दाखवणारं 'फाइल्स' ॲप यायला २०१७ उजाडलं. दरम्यान २०११ मध्ये आयक्लाउड आलं, म्हणजे फोटो आणि फाइल इंटरनेटवरून ॲपलच्या संगणकांवर साठवायची सोय, ५ जीबी फुकट आणि त्यापुढे भाडं. फोटो तेव्हापेक्षा कितीतरी जड झाले, फुकटचे ५ जीबी मात्र ५च राहिले. नुसती सोयच बघायची होती, तर फोटोंचा गठ्ठा पेनड्राइव्हवर काढणंही तेवढंच सोपं केलं असतं ना?

माझ्या मावशीचं सांगतो. नव्या लॅपटॉपवर तिचे फोटो तिच्या नकळत क्लाउडवर चढत होते. एके दिवशी 'जागा संपली, विकत घ्या' असा संदेश आला. लॅपटॉपमध्ये भरपूर जागा रिकामी होती, पण संदेश कुठल्या जागेबद्दल आहे हे तिला कसं कळावं? घाबरून तिनं नातवाच्या बारशाचे फोटो पुसले. ते क्लाउडवरून गेले आणि लॅपटॉपवरूनही गेले. मला कळलं तोवर पुसलेल्या फाइल काही दिवस जिथे राहतात ती कचराकुंडीही रिकामी झाली होती. तिला फाइल कुठे आहे एवढं जरी दिसलं असतं, तरी ते फोटो आज असते. तिच्या रडण्याला मी हट्ट म्हणू शकत नाही.

एक विनंती. या रविवारी आईच्या फोनमधले सगळे फोटो, तारखांसकट, घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून बघा. किती वेळ लागला ते इथे जरूर लिहा. आईला ते एकटीनं जमलं, तर मी माझा लेख दुरुस्त करीन.