गानलोंने म्हणे सोन्यासाठी रोलाँला विकलं!

‘एका फितुरामुळे चार लाख अरबांनी शार्लमेनचं सैन्य कापलं’ अशी, फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन आणि त्याचा सरदार रोलाँ यांच्याबद्दलची एक पोस्ट सध्या फिरते आहे. तिचं म्हणणं असं: ‘रोलाँचं गीत’ हे फ्रेंच वीरकाव्य म्हणजे डोळ्यांदेखतचा इतिहास, गानलों जन्मजात नीच, सोन्याच्या लोभाने त्याने सावत्र मुलगा रोलाँला विकलं, राजाने त्याला तिथल्या तिथे घोड्यांकडून फाडवलं; आणि तो खरोखर होऊन गेला, कारण दान्तेनेही त्याला नरकात टाकलंय. हसून सोडून दिलं असतं, पण भाचीने तेच कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये जसंच्या तसं उतरवलं.

इतिहासाचं आधी उरकू. शार्लमेनच्याच दरबारातला आइनहार्ड त्याच्या चरित्राच्या नवव्या प्रकरणात स्वच्छ लिहितो: फ्रान्स-स्पेनमधला पिरेनीज डोंगर ओलांडताना तिथल्या बास्क लोकांनी दबा धरून पिछाडीवर घाला घातला, सामान लुटलं आणि रात्रीच्या आडोशाने ते पांगले. मेलेल्यांत ब्रेतॉन सरहद्दीचा अंमलदार रोलाँ. अरब नाहीत, फितूर नाही. साल ७७८. शार्लमेन स्पेनमध्ये उतरला तोच मुळी सुलेमान अल-अरबी या मुस्लिम सुभेदाराच्या बोलावण्यावरून, आणि परतताना त्याने तट पाडले ते पांप्लोना या बास्क शहराचे. काव्य सन ११०० च्या आसपासचं. तीनशे वर्षांनंतर कसले डोळे आणि कसलं देखत!

आता ‘सोन्यासाठी’. यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने देतो. शत्रूराजा मार्सिलच्या सारागोसा शहरात गानलों वकील म्हणून जातो आणि रोलाँचा घात ठरवतो, तेव्हा त्याला तलवार मिळते, शिरस्त्राण मिळतं, राणी त्याच्या बायकोसाठी दागिने देते, आणि तो ते घेतो. खटल्यात तो स्वतःही म्हणतो की सोन्यानाण्याच्या बाबतीत रोलाँने माझं नुकसान केलं. पण वैर पेटतं ते त्याच्या कितीतरी आधी. शत्रूकडे वकील म्हणून जायचं म्हणजे मरायला जायचं, आधीच्या दोन वकिलांची मुंडकी उडाली होती; आणि त्या कामासाठी रोलाँ नाव सुचवतो ते सावत्र बापाचं. गानलों तिथेच, राजाच्या तोंडावर, रोलाँ, त्याचा मित्र ऑलिव्हिए आणि त्यांच्या साथीदारांना उघड आव्हान देतो. पुढे राजा मार्सिल भाला उगारतो तेव्हा हा ‘जन्मजात नीच’ माणूस पळत नाही. म्यानातून तलवार दोन बोटं बाहेर काढून उभा राहतो. दिसायला इतका देखणा की सरदार टक लावून बघतात. कवी म्हणतो, इमानी असता तर खरा सरदार शोभला असता. काव्यातला दुष्टपणा असा आहे, कपाळावर लिहिलेला नव्हे.

सगळ्यात वेडगळ मुद्दा ‘तिथल्या तिथे’. संशय येताच शार्लमेन त्याला मुदपाकखान्यातल्या लोकांच्या ताब्यात देतो. बेगों हा मुख्य आचारी आणि त्याची शंभर माणसं दाढीमिशा उपटतात, प्रत्येक जण चार गुद्दे घालतो, गळ्यात साखळी अडकवून त्याला अस्वलासारखं बांधतात. पण मारत नाहीत. शार्लमेनच्या राजधानीत, एक्समध्ये (आजचं आखेन), रीतसर खटला चालतो, आणि गानलोंचा बचाव फालतू नाही: मी सूड घेतला, द्रोह नाही, आव्हान तर सगळ्यांसमक्ष दिलं होतं. त्या काळच्या सरदारी रिवाजात उघड जाहीर केलेलं वैर आणि विश्वासघात यांत फरक होता, आणि पंचही डगमगतात. गानलोंचा नातलग पिनाबेल याच्या धाकाने ते राजाला विनवतात की सोडून द्या, रोलाँ काही परत येत नाही. तेव्हा तिएरी नावाचा एक सडपातळ सरदार उठतो. त्याचा एकच मुद्दा: रोलाँने गानलोंचं काहीही बिघडवलं असो, तो राजाच्या कामगिरीवर होता, म्हणून त्याच्यावरचा घाव राजावरचा घाव. त्याचं आणि पिनाबेलचं द्वंद्व होतं, पिनाबेल पडतो, जामीन राहिलेले तीस नातलग फासावर जातात, आणि मग कुठे ते चार घोडे येतात. घोडे खरे. पण खाजगी वैर मोठं की राजाची चाकरी, हा काव्याचा सगळा पेच पोस्टवाल्याने गिळून टाकला.

‘गानलों खरोखर होऊन गेला’ याला जवळात जवळचा आधार म्हणजे सांसचा आर्चबिशप वेनिलो. ८५९ मध्ये शार्लमेनचा नातू राजा टकल्या चार्ल्सने त्याच्यावर द्रोहाचा आरोप ठेवला. खलनायकाचं नाव तिथून आलं असावं, असं काही अभ्यासक मानतात. नावापुरतंच.

राहता राहिला ‘दान्तेनेही त्याला नरकात टाकलंय’ हा पुरावा. इटालियन कवी दान्तेने आपल्या नरकाच्या काव्यात टाकलंय खरं, बत्तिसाव्या सर्गात, बर्फात. दान्तेने तर ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियसलाही नरकात टाकलंय. त्याचाही जन्मदाखला काढायचा का?