खुलासा : '१९१५–१९१८' असे कोरलेले बल्गेरियन पदक

जुनी नाणी-पदके जमवणाऱ्यांमध्ये एक फोटो फिरतो आहे. सोनेरी मुलाम्याचे गोल पदक, मागे '१९१५ १९१८', आणि खाली मजकूर : 'पहिल्या महायुद्धात झार फर्डिनांडने रणांगणावर दिलेले दुर्मीळ शौर्यपदक.' हे बरोबर नाही.

बल्गेरियाचा झार, म्हणजे राजा, फर्डिनांड याने ऑक्टोबर १९१८ मध्येच गादी सोडली. हे पदक सुरू झाले १९३३ साली, त्याचा मुलगा तिसरा बोरिस याच्या काळात. पदकावरचे साल युद्धाचे आहे, पदक घडवल्याचे नाही. बल्गेरिया ऑक्टोबर १९१५ मध्ये युद्धात उतरला आणि सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस त्याने शस्त्रसंधी केली, म्हणून पदकावर १९१४ नाही. शिवाय हे शौर्यपदक नव्हे, युद्धात भाग घेतल्याची आठवण आहे. ते जर्मन, ऑस्ट्रियन, हंगेरियन माजी सैनिकांनाही मिळाले. त्यामुळे 'दुर्मीळ' या शब्दावर खिसा रिकामा करू नका.

शौर्याचा सन्मान वेगळाच : १८८० चा 'शौर्य' क्रॉस. मधोमध सिंह, भुजांमधून एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी. गोल पदक पाहून त्याच्याशी गल्लत व्हायला नको, पण होते खरी.

जाता जाता आणखी एक. '१९४४–१९४५' लिहिलेले बल्गेरियाचे दुसऱ्या महायुद्धाचे 'देशभक्तीपर युद्ध' पदक सिरिलिक लिपीमुळे (रशियन आणि बल्गेरियन दोन्ही याच लिपीत लिहितात) सोव्हिएत म्हणून विकले जाते. सोव्हिएत पदकांवर त्या युद्धाचे साल १९४१ पासून असते. १९४४ दिसले, तर आधी बल्गेरियाचाच विचार करा.